लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफल स्कोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या कॉलेजात एनसीसीमध्ये पहिल्यांदा .२२ रायफल हातात आली, तेव्हा स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, हा शब्द आम्ही फक्त ऐकून होतो. आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे आणि सरेमधल्या बिस्लीच्या रेंजवर .३०८ रायफलने ६०० ते १००० यार्डांवरची कागदी टार्गेटं मारते. गावाकडे नवीन एअर रायफल घेतलेली मुलं, क्लबातले जुने नेमबाज, अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेले मित्र, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. ही सगळी टार्गेटवरच्या खेळापुरती आहेत. शिकारीबद्दलच्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१. लांब पल्ला म्हणजे नक्की किती? ३०० मीटर त्यात धरायचं का?

३०० मीटरवर गोळी बऱ्यापैकी सरळ जाते आणि वाऱ्याची चूक अजून झाकली जाते. ६०० यार्डांच्या पुढे ती झाकली जात नाही, म्हणून मी लांब पल्ला तिथून मोजते. बिस्लीत सेंच्युरी रेंज ६०० यार्डांपर्यंत आहे. तिच्या पुढचं काम स्टिकलडाउन रेंजवर चालतं आणि ती १२०० यार्डांपर्यंत जाते. इंग्लंडची नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ सालची. तिच्या स्पर्धा आधी विम्बल्डनला व्हायच्या, १८९० पासून त्या बिस्लीला होतात.

स्कोप लावून खेळायच्या प्रकाराला एफ-क्लास म्हणतात. हा ‘एफ’ कॅनडाच्या जॉर्ज फार्कर्सन यांचा. वय झालं की डोळ्यांना बिनभिंगाच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) पुढचं-मागचं एकदम स्पष्ट दिसेनासं होतं. अशा नेमबाजांना रायफल टेकवून आणि स्कोप लावून खेळत राहता यावं, हा त्यांचा आग्रह होता. एफ-क्लासच्या टार्गेटवर सगळ्यात आतलं वर्तुळ अर्ध्या मिनिटाचं असतं, १००० यार्डांवर जेमतेम १३ सेंमी. त्याच्याभोवतीचं एक मिनिटाचं. मिनिट म्हणजे काय ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. स्वप्निल कुसाळेच्या रायफलवर स्कोप होता का? ऑलिंपिकमध्ये तो चालतो का?

नव्हता, आणि चालतही नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निलने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी ब्राँझ घेतलं, ते मागच्या बारीक भोकातून पुढच्या गोल साइटकडे बघत. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं, तेही तसंच. रायफलवर दुर्बीण लावायला त्या खेळात बंदी आहे. सरावात नेमबाजाशेजारी स्टँडवर जी दुर्बीण दिसते ती स्पॉटिंग स्कोप, फक्त बघण्यासाठी.

त्यामुळे मुलाला किंवा मुलीला राष्ट्रीय पातळीवर १० किंवा ५० मीटर खेळायचं असेल, तर स्कोपवर पैसे घालू नका. बालेवाडीला किंवा कोल्हापुरात जाऊन प्रशिक्षकाला भेटा. हे पान त्यांच्यासाठी नाही, आणि तसं आधीच सांगितलेलं बरं.

३. स्कोपवर १५-५५×५२ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

पहिले दोन आकडे म्हणजे चित्र किती पट मोठं दिसेल, इथे १५ पटीपासून ५५ पटीपर्यंत. शेवटचा आकडा पुढच्या लेन्सचा व्यास, मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ५५ पटीला ती १ मिमीहूनही कमी होते, २५ पटीला साधारण २ मिमी. दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिमी उघडी असते. म्हणून खूप वाढवलेलं चित्र अंधारं वाटतं आणि डोकं केसभर हललं तरी कडेला काळी सावली येते.

४. मग किती पट घ्यावी? ६० पट घेतली तर नेम चांगला लागेल ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच.

एफ-क्लासमध्ये ४० ते ६० पटीचे स्कोप सर्रास दिसतात, हे खरं आहे. पण ते वापरणाऱ्यांची रायफल पुढे बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) किंवा रेस्टवर आणि मागे वाळूच्या पिशवीवर स्थिर असते, टार्गेट कुठे आहे हे ठरलेलं असतं आणि वर्तुळाच्या आत बारीक बिंदू कुठे ठेवायचा हे त्यांना बघायचं असतं. आणि त्यातलेच अनुभवी लोक उन्हाळ्याच्या दुपारी पट ३० वर, कधी २५ वर आणतात. कारण स्कोप टार्गेट जितकं मोठं करतो तितकीच मधली तापलेली हवाही मोठी करतो. काळं वर्तुळ पाण्यात पडल्यासारखं हलायला लागतं.

दुसरं म्हणजे पट वाढली की दिसणारं मैदान आकसतं. बिस्लीत शेजारी शेजारी डझनावारी टार्गेटं असतात. शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळी मारणारे मी दरवर्षी बघते, आणि बहुतेकदा त्यांची पट शेवटापर्यंत चढवलेली असते.

माझं मत विचाराल तर पहिला स्कोप ५-२५ पटीच्या आसपासचा घ्या. २५ पटीला १००० यार्डांवरचं टार्गेट व्यवस्थित दिसतं. तुम्ही एफ-क्लासच खेळणार हे नक्की झाल्यावर मोठ्या पटीकडे वळा.

५. एमओए घ्यावा की मिल? मला दोन्ही कळत नाहीत.

दोन्ही कोन मोजायची मापं आहेत. एका अंशाचे ६० भाग केले की एक मिनिट, म्हणजेच एक एमओए. १०० यार्डांवर ते १.०४७ इंच भरतं, १०० मीटरवर २.९ सेंमी. मिल म्हणजे मिलिरेडियन, अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर १० सेंमी, १००० मीटरवर १ मीटर. एका मिलमध्ये ३.४४ मिनिटं.

ज्याचं डोकं मीटरमध्ये चालतं, म्हणजे भारतात शिकलेल्या जवळपास प्रत्येकाचं, त्याला मिल दहा मिनिटांत उमगतं. टरेट म्हणजे नेम हलवायची स्कोपवरची फिरकी, तिचा ०.१ मिलचा एक क्लिक १०० मीटरवर नेम बरोबर १ सेंमी हलवतो. तरीही मी स्वतः एमओए वापरते. कारण बिस्लीची टार्गेटं मिनिटांत आखलेली आहेत, शेजारचा माणूस वारा ‘तीन मिनिटं डावीकडून’ असा सांगतो, आणि एमओए स्कोपचे क्लिक बारीक मिळतात. १००० यार्डांवर पाव मिनिटाचा क्लिक गोळी ६.६ सेंमी हलवतो, अष्टमांश मिनिटाचा ३.३ सेंमी आणि ०.१ मिलचा ९ सेंमी. १३ सेंमीच्या वर्तुळात ९ सेंमीची पायरी मला मोठी वाटते. दूरवरच्या पोलादी पाट्यांवर खेळत असाल तर ती अजिबात मोठी नाही.

तुमच्या क्लबातले लोक जे माप बोलतात तेच घ्या. मात्र रेटिकल (आत दिसणारी फुली आणि तिच्यावरच्या खुणा) मिलचं आणि टरेट एमओएचा असा मिश्र स्कोप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. वेळ संपत असताना ३.४४ ने भागाकार होत नाही.

६. फर्स्ट फोकल प्लेनचा स्कोप महाग असतो. तोच घ्यावा का?

फर्स्ट फोकल प्लेनमध्ये पट बदलली की रेटिकलही त्याच प्रमाणात लहान-मोठं होतं, म्हणून त्यावरच्या खुणा कुठल्याही पटीला खऱ्या असतात. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल तेवढंच राहतं आणि खुणा एकाच ठरावीक पटीला खऱ्या. ती पट माहितीपत्रकात दिलेली असते. वेगवेगळ्या अंतरांवर घाईने, खुणांवर नेम धरून मारायचं असेल तर पहिला प्रकार घ्या. एकाच अंतरावर शांतपणे वीस गोळ्या मारायच्या असतील तर दुसरा, कारण मोठ्या पटीलाही त्याची फुली केसासारखी बारीक राहते आणि टार्गेटचा मध्य झाकत नाही.

७. दुकानदार म्हणतो स्कोपची नळी ३४ मिमीची घ्या, जास्त उजेड येतो. खरं आहे का?

उजेडाचा संबंध पुढच्या लेन्सशी, काचेच्या लेपाशी आणि पटीशी आहे. जाड नळीत रेटिकलला वरखाली सरकायला जागा जास्त मिळते, तिचा खरा फायदा तो. लांब पल्ल्याला ही जागा फार महत्त्वाची असते.

हिशेब बघा. .३०८ ची गोळी १०० यार्डांच्या नेमावरून १००० यार्डांवर न्यायला, गोळीच्या वजनावर आणि वेगावर अवलंबून, ३० ते ४० मिनिटं वर चढावं लागतं. स्कोपची एकूण हालचाल ६० मिनिटं असेल आणि १०० यार्डांचा नेम बरोबर मधोमध बसला, तर वर उरली फक्त ३०. म्हणजे टार्गेटपर्यंत पोचतच नाही. यावर उपाय म्हणजे २० मिनिटांचा उतार असलेली रेल, म्हणजे स्कोप बसतो ती रायफलवरची पट्टी. ती मागच्या बाजूला उंच असते. ती बसवली की वर ५० मिनिटं मिळतात, खाली १० राहतात, आणि खाली तेवढी पुरतात. रेल उलटी बसवून ‘स्कोप वर जातच नाही’ म्हणून फोन करणारे दोघं जण मला माहीत आहेत.

८. बजेट कमी आहे. रायफल चांगली घ्यावी की स्कोप?

रायफल, गोळ्या आणि स्कोप या तिघांत मी आधी गोळ्यांचे पैसे बाजूला काढायला सांगते. त्या झाडल्याशिवाय काहीच शिकता येत नाही. स्कोप निवडताना काचेपेक्षा टरेटकडे बघा. थोडी धूसर काच चालते. दहा मिनिटांचा कोन फिरवल्यावर साडेनऊच हलणारा टरेट चालत नाही. दुकानात सगळे खिडकीतून समोरच्या पाटीकडे बघतात आणि ‘काय स्पष्ट दिसतंय’ म्हणून पैसे मोजतात. टरेटची परीक्षा दुकानात होत नाही, ती रेंजवरच होते. ती कशी घ्यायची ते प्रश्न १२ मध्ये आहे.

जुना स्कोप घ्यायला माझी हरकत नाही, पण ही परीक्षा होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

९. स्कोप घरी बसवता येतो का? गनस्मिथकडे न्यावाच लागतो का?

येतो. एक टॉर्क पाना (ठरावीक जोराइतकंच आवळणारा), एक पाणसळ आणि एक ओळंबा एवढं लागतं. रायफल रिकामी आहे हे आधी बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढून, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) बघून आणि बोट घालून पक्कं करा. मग रिंगांचे (स्कोप धरणाऱ्या कड्यांचे) स्क्रू सैल ठेवून, ज्या स्थितीत खेळणार त्याच स्थितीत रायफलवर गाल टेकवा. म्हणजे आडवे झोपून खेळत असाल तर झोपूनच. डोळे मिटा, मान सैल सोडा, डोळे उघडा. चित्र कडेपर्यंत पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे सरकवा. पट सगळ्यात जास्त ठेवून हे करा, कारण तिथेच डोळ्याला सवलत कमी असते. डोळा आणि काच यांच्यात ९ सेंमीच्या आसपास अंतर राहायला हवं. बसून स्कोप लावायचा आणि झोपून झाडायचं, असं केलेल्यांच्या भुवईवर खोक पडलेली मी पाहिली आहे. .३०८ चा धक्का तेवढा असतो.

त्यानंतर पाणसळीने रायफल सरळ करा, वीस-पंचवीस मीटरवर ओळंबा टांगा आणि फुलीची उभी रेघ त्याच्या दोरीशी जुळवा. गवंडी भिंत उभी करताना वापरतो तोच ओळंबा चालतो. वारा असेल तर त्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, हलणार नाही. शेवटी रिंगांचे स्क्रू आलटून-पालटून, थोडे थोडे, कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. बहुतेक रिंगांना तो २ न्यूटन-मीटरच्या आत असतो. हाताच्या अंदाजाने आवळलं की नळी दबते आणि आतली यंत्रणा अडकायला लागते.

१०. रायफल जराशी तिरकी धरली तर काय एवढं बिघडतं?

१०० यार्डांवर काही नाही. १००० यार्डांसाठी तुम्ही ३२ मिनिटं वर चढवलेली असतात आणि रायफल तिरकी झाली की त्या चढाचा काही भाग आडवा होतो. एकच अंश तिरकी असेल तर अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त, टार्गेटवर जवळजवळ १५ सेंमी. गोळी एक मिनिटाच्या वर्तुळाबाहेर गेली, आणि तुम्ही वाऱ्याला दोष देत बसता. एक अंश डोळ्याला कळत नाही, म्हणून स्कोपच्या नळीवर छोटी पाणसळ लावा आणि चाप दाबण्याआधी तिच्यातल्या बुडबुड्याकडे एकदा बघा.

११. झिरो कसा करायचा? किती अंतरावर?

झिरो म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवणं. तो १०० यार्डांवर किंवा १०० मीटरवर, वारा पडलेला असताना करा. आधी आयपीस, म्हणजे डोळ्याकडची काच, नीट करा. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे रोखून, सूर्य टाळून, एक-दोन सेकंदच बघा. फुली पहिल्याच क्षणी काळीभोर दिसली पाहिजे. जास्त वेळ बघत राहिलं की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि आपण फसतो.

मग बोल्ट काढून, रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून, रायफलच्या नळीतून, म्हणजे बॅरलमधून, टार्गेट मधोमध दिसेल असं करा आणि रायफल न हलवता टरेटने फुली तिथे आणा. पहिली गोळी बहुतेक कागदावर लागते. तीन-तीन गोळ्यांचे गट मारून गटाचा मध्य हलवा. प्रत्येक गोळीमागे टरेट फिरवत बसलात तर कोंबडीमागे धावल्यासारखं होतं.

जुळलं की टरेटची पट्टी शून्यावर आणा आणि झिरो-स्टॉप (टरेट शून्याच्या खाली फिरू न देणारा अडसर) असेल तर तो लगेच लावा. माझ्या जुन्या स्कोपला तो नव्हता. एका स्पर्धेत १००० वरून ६०० यार्डांवर आल्यावर मी टरेट एक पूर्ण फेरा जास्त उतरवला. आकडा बरोबर दिसत होता, फेरा चुकला होता. पहिल्या दोन्ही गोळ्या टार्गेटच्या खाली मातीत गेल्या आणि काय झालं हे कळेपर्यंत वेळ संपत आली होती. तेव्हापासून कुणाला स्कोप सुचवताना झिरो-स्टॉप आहे का, हे मी आधी विचारते.

१२. टरेट खरं बोलतो की नाही हे कसं तपासायचं?

उंच टार्गेटची परीक्षा घ्या. १०० मीटर अंतर टेपने मोजा, रेंजवरच्या खांबावर विश्वास ठेवू नका. ओळंब्याने एक उभी रेघ आखलेला लांब कागद लावा. खालच्या बिंदूवर नेम धरून तीन गोळ्या मारा. मग टरेट १० मिल वर करा आणि नेम त्याच खालच्या बिंदूवर ठेवून आणखी तीन मारा. दोन गटांच्या मध्यांत बरोबर १ मीटर अंतर हवं. एमओए असेल तर ३० मिनिटांना ८७ सेंमी. परत शून्यावर आणून शेवटचे तीन मारा, ते पहिल्या गटावरच बसले पाहिजेत.

अंतर ९८ सेंमी आलं तर स्कोप टाकून देऊ नका. तो दरवेळी ९८ च देत असेल, तर तेवढा गुणक वहीत लिहा आणि त्याप्रमाणे फिरवा. एकदा ९८ आणि एकदा १०१ येत असेल, तर मात्र तो परत करा. आणि वरचा गट रेघेच्या डावी-उजवीकडे सरकला असेल, तर स्कोप तिरका बसला आहे. प्रश्न ९ कडे परत जा.

१३. पॅरॅलॅक्सच्या चाकावर ६०० लिहिलंय, मी ६०० वर ठेवलं, तरी डोकं हलवलं की फुली हलते. बिघाड आहे का?

बिघाड नाही. डोळा हलला की फुली टार्गेटवर सरकल्यासारखी दिसते, त्यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. चाकावरचे आकडे अंदाजे असतात, आणि तापमानानेही जागा थोडी बदलते. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोकं होकार दिल्यासारखं वर-खाली करा आणि फुली टार्गेटवर स्थिर राहीपर्यंत चाक फिरवा. तिथे टेपची बारीक पट्टी चिकटवून पेन्सिलीने अंतर लिहा. माझ्या चाकावर छापलेल्या आकड्यांपेक्षा अशा खुणाच जास्त आहेत.

चित्र एका जागी स्पष्ट आणि फुली दुसऱ्या जागी स्थिर होत असेल, तर आयपीस चुकीचा लावलेला आहे. प्रश्न ११ मधली पहिली पायरी पुन्हा करा.

किती फरक पडतो? चाक १०० यार्डांवर राहिलं आणि तुम्ही १००० वर मारलंत, डोळाही अगदी कडेला गेला, तर ५२ मिमीच्या लेन्सला जास्तीत जास्त २३ सेंमी. चाक ९०० वर असेल तर ३ मिमीच्या आत. म्हणजे लांबच्या अंतरांवर बारीक फरकासाठी जीव काढू नका, पण अंतर बदलल्यावर चाक फिरवायला विसरू नका. याचा खरा फटका जवळच्या अंतरावर बसतो, तो प्रश्न १६ मध्ये.

१४. उन्हात टार्गेट पाण्यासारखं हलतं. त्याला काय करायचं?

त्याला मृगजळ म्हणतात आणि मला त्याची भीती वाटायची. आता ते नसलेल्या दिवशी मला चुकल्यासारखं होतं, कारण मधल्या हवेत वारा कुठे वाहतो आहे हे डोळ्याला दिसण्याचा तो सगळ्यात चांगला मार्ग आहे.

आधी हे लक्षात घ्या की .३०८ ची गोळी १००० यार्ड जायला दीड सेकंदाच्या आसपास घेते, आणि ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला नऊ-एक मिनिटं ढकलतो. म्हणजे वाऱ्याच्या अंदाजात ताशी एका मैलाची चूक झाली की २४ सेंमी. गालाला जाणवणार नाही एवढ्या फरकाने गोळी वर्तुळाबाहेर. झेंडे उपयोगी आहेत, पण ते उंचावर असतात आणि जड कापड उशिरा हलतं.

आता स्पॉटिंग स्कोप २५ पटीवर ठेवा आणि टार्गेटवर फोकस करून मग तो फोकस थोडा जवळ आणा, अंतराच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. टार्गेट धूसर होईल आणि हवेच्या लाटा स्पष्ट होतील. त्या चुलीवरच्या आधणासारख्या सरळ वर जात असतील, तर आडवा वारा नाही. ओढ्यासारख्या एका बाजूला वाहत असतील, तर वारा त्या दिशेने. जितक्या सपाट आणि घाईत वाहतात तितका वारा जास्त. ताशी दहा-बारा मैलांच्या पुढे लाटा एकमेकींत मिसळून एक सपाट पट्टा होतो. त्यानंतर वेग वाढला तरी मृगजळ तो सांगत नाही, तिथून झेंड्यांकडे बघा.

वाहत्या लाटा अचानक उभ्या राहिल्या, तर वारा दिशा बदलण्याच्या बेतात आहे. नवखे नेमके त्याच क्षणी ‘वारा थांबला’ म्हणून चाप दाबतात आणि गोळी जायच्या आत वारा उलटा फिरतो. तेव्हा थांबा. एक नेहमीचा वारा निवडून त्याच्यावरच टरेट ठेवा आणि तो परत येईपर्यंत वाट बघा.

मृगजळ टार्गेटचं चित्रही थोडं सरकवतं, ज्या बाजूला लाटा वाहतात त्या बाजूला आणि वर. ते टाळता येत नाही, पण पट कमी केली की डोळ्याला त्रास कमी होतो. आणि लाटा फक्त तुमच्याच स्कोपमध्ये दिसत असतील, शेजाऱ्याच्या नाही, तर त्या तुमच्या तापलेल्या बॅरलमधून उठत आहेत. बॅरलवर लांब पट्टी ताणून लावली की त्या बाजूला वळतात.

१५. वाऱ्यासाठी टरेट फिरवायचा की फुली बाजूला धरायची?

उंचीसाठी नेहमी टरेट. वाऱ्यासाठी, नेहमीच्या वाऱ्याएवढा टरेट आणि मधल्या लहान चढउतारांसाठी फुली बाजूला. प्रत्येक झुळकीला टरेट फिरवला की थोड्या वेळाने कुठल्या बाजूला किती फिरवलाय हेच आठवत नाही. सेकंड फोकल प्लेनचा स्कोप असेल तर खुणांनी मोजू नका, टार्गेटवरच्या वर्तुळांनी मोजा. ती नेहमी खरी असतात.

१६. माझ्याकडे स्प्रिंगची एअर रायफल आहे. मित्राचा .३०८ वरचा स्कोप लावला तर?

लावू नका. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का लहान असला तरी दुहेरी असतो. पिस्टन सुटताना रायफल मागे जाते आणि पिस्टन आदळला की जोरात पुढे. बऱ्याच स्कोपची यंत्रणा फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेली असते, पुढच्या धक्क्याने रेटिकल सैल होतं. ‘एअरगनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेला स्कोप घ्या आणि रिंगांमागे रेलवर अडसर लावा, नाहीतर स्कोप सरकत सरकत मागे येतो.

दुसरी अडचण पॅरॅलॅक्सची. ४० मिमी लेन्सचा स्कोप ५० मीटरवर जुळवलेला असेल आणि तुम्ही १० मीटरवर मारत असाल, तर डोळा कडेला गेल्यावर १६ मिमीपर्यंत फरक पडू शकतो. एवढ्या जवळच्या टार्गेटवर हा फार मोठा आहे. चाक १० मीटरपर्यंत खाली येतं का, हे घेण्याआधी बघा.

१७. चष्मा लावून स्कोप वापरता येतो का?

येतो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर आयपीस फिरवून तो भरून निघतो, पण तिरप्या नंबराचा म्हणजे सिलिंडरचा दोष आयपीसने जात नाही, त्यासाठी चष्मा हवाच. झोपून नेम धरताना डोळा चष्म्याच्या वरच्या कडेतून बघतो, म्हणून प्रोग्रेसिव्ह काच त्रास देते. मी खेळासाठी एकाच नंबरचा, मोठ्या काचेचा वेगळा चष्मा करून घेतला आहे. डोळे वाचवण्यासाठीही तो लागतोच.

१८. मुलगा अमेरिकेत असतो. येताना बॅगेतून स्कोप आणायला सांगू का?

कागदपत्रांशिवाय सांगू नका. रायफल स्कोप अमेरिकेबाहेर नेण्यावर तिथे निर्यात-नियंत्रण आहे आणि साधी भेटवस्तू म्हणून तो बॅगेत टाकता येत नाही. भारतात उतरल्यावर कस्टम्सचा प्रश्न वेगळाच. दोन-चार हजार वाचवायला मुलाला विमानतळावर अडकवू नका. भारतातल्याच परवानाधारक विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या, वॉरंटीचं कामही सोपं जातं.

१९. कोकणात राहतो. पावसाळ्यात लेन्सवर जाळं आल्यासारखं दिसतं.

ती बुरशी आहे. बाहेरच्या काचेवर असेल तर फुंकणीने धूळ उडवा, मऊ ब्रश फिरवा आणि मग लेन्सचं द्रावण लावलेल्या कापडाने मधून कडेकडे पुसा. शर्टाच्या टोकाने किंवा पदराने कधीही नाही, धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. आतल्या बाजूला असेल तर स्कोप उघडू नका. आत कोरडा वायू भरलेला असतो, तो एकदा गेला की दमट हवा शिरते. कंपनीकडे पाठवा.

जून ते सप्टेंबर स्कोप फोमच्या बंद पेटीत ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तव्यात सुकवून परत वापरता येतात.

२०. हिवाळ्यात काढलेल्या टरेटच्या आकड्यांनी मे महिन्यात गोळी वर लागते. स्कोप बिघडला का?

बहुतेक नाही. गरम हवा विरळ असते म्हणून गोळी कमी खाली येते, आणि काडतुसातल्या बऱ्याच दारूंनी गोळीला मिळणारा वेग उष्णतेने वाढतो. दोन्हींचा परिणाम एकाच बाजूला, म्हणजे वर. उंच ठिकाणीही तसंच. वहीत प्रत्येक आकड्याशेजारी तापमान आणि ठिकाण लिहा. १०० मीटरचा झिरो तोच असेल आणि फक्त लांबचे आकडे बदलले असतील, तर कारण हवा आहे. १०० मीटरचाच झिरो हलला असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

२१. काल गट मुठीएवढा होता, आज ताटाएवढा. स्कोप, रायफल की मी?

या क्रमाने बघा. आधी रेल आणि रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्याने. मग रायफलचा लाकडी किंवा फायबरचा दस्ता जिथे ॲक्शनला (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाला) जोडतो तिथले स्क्रू. सैल स्क्रू हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे. त्यानंतर पॅरॅलॅक्स, मग गोळ्यांचा लॉट बदलला का, मग बॅरल किती दिवसांत साफ केलेलं नाही. हे सगळं ठीक असेल तर तुमच्यापेक्षा चांगल्या नेमबाजाला तुमची रायफल द्या. त्याचाही गट उघडला, तर जो चांगला असल्याचं माहीत आहे असा दुसरा स्कोप त्याच रायफलवर लावून परत मारा. गट आवळला तर तुमच्या स्कोपमध्ये काहीतरी तुटलं आहे.

आणि त्या चांगल्या नेमबाजाचा गट पहिल्याच पाच गोळ्यांत आवळला, तर त्याच्या शेजारी अर्धा तास झोपून तो श्वास कुठे सोडतो आणि चाप दाबल्यावर गाल किती वेळ तसाच ठेवतो, ते बघा.